धणे ऐकू येतील इतका पंखा

एप्रिलमधला दुसरा रविवार, सकाळची वेळ. स्थळ, इंदिरानगरमधलं ताईंचं स्वयंपाकघर. काम, वर्षाच्या काळ्या मसाल्याचं भाजणं. हजर: गॅससमोर ताई, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई, खिडकीखाली स्टुलावर त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला मी, जिन्नस क्रमाने पुढे सरकवायला, वरच्या मजल्यावरच्या वहिनी, शिकायला म्हणून आलेल्या, आणि आमचे हे. ह्यांच्याकडे भाजलेल्या जिन्नसांची ताटं गॅलरीत नेऊन ठेवायचं काम होतं, त्यामुळे ते बहुतेक वेळ गॅलरीतच सापडत होते. शिवाय भिंतीतला पंखा. त्यालाही हजेरीत धरायला हवं, कारण त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडेच होतं.

आमच्या भाऊजींसारखा, कुठलीही गोष्ट पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असलेली सहन न होणारा माणूस मी अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा पाहिलेला नाही, आणि जिल्हा मी इगतपुरीपासून नामपूरपर्यंत बऱ्यापैकी फिरले आहे. जगातल्या यच्चयावत वस्तूंना मधली एक जागा असते आणि ती शोधणं हे आपलं काम आहे, असं ते मानतात. यामागे त्यांची नोकरी आहे. पाटबंधारे खात्यात त्यांची सगळी वर्षं धरणांवर गेली. दरवाजे किती उचलले, पाणी किती सोडलं, याच्या नोंदी ठेवायच्या. धरणाचा दरवाजा कुणी धाडकन उघडत नाही. वीतभर उचलायचा, थांबायचं, खालच्या गावांना कळवायचं, नदी कशी घेते ते बघायचं, मग अजून थोडा. निवृत्त होताना लोक शाल आणि नारळ घेऊन घरी येतात. भाऊजी धरणच घरी घेऊन आले. टीव्हीचा आवाज मोठा झाला की ते म्हणतात, विसर्ग कमी करा. नामपूरहून ताईंच्या माहेरची, म्हणजे माझ्या सासरची, माणसं उतरली की म्हणतात, आवक वाढली. आमच्या ह्यांनी आमरसाची तिसरी वाटी पुढे केली तेव्हा त्यांनी नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा दिला होता.

त्यांच्या घरातले नळ पूर्ण उघडत नाहीत. आत कुठेतरी त्यांनी चामड्याची चकती बसवली आहे, त्यामुळे पाणी विचार करत करत येतं. आमच्या ह्यांचे हात त्या घरात आजवर एकदाही मनासारखे धुऊन झालेले नाहीत. दाराची बेल टणकन वाजते हे त्यांना सोसेना, म्हणून त्यांनी तिच्या आत जुन्या पायमोज्याचा तुकडा भरला. मग एकदा मी आंब्यांची पेटी कडेवर घेऊन दाराबाहेर उभी राहिले, बेल दाबत राहिले, शेवटी पेटी खाली ठेवून फोन केला. दार भाऊजींनीच उघडलं, आणि ते आनंदात होते. बेल वाजलेली त्यांना पहिल्यापासून ऐकू येत होती. मोज्यातून आवाज किती आत पोहोचतो, ते एकेका खोलीत जाऊन बघत होते. मला म्हणाले की हॉलमध्ये उत्तम, बेडरूममध्ये समाधानकारक. माझ्या हाताला पेटीचे वळ उठले होते, तरी मी विचारलं की स्वयंपाकघरात काय स्थिती आहे. हा माझाही एक दोष आहे. मला ही कामं वेळेत उरकावी असं वाटतं, पण त्यांच्यापाशी उभं राहिलं की पुढे काय झालं ते कळल्याशिवाय पाय निघत नाही.

देवळाली कॅम्पला भाच्याचं लग्न होतं, तेव्हाची गोष्ट. वरात अगदी रंगात आलेली. भाऊजी सरळ बँडमास्तरकडे गेले आणि चार आणे आवाज कमी करता येईल का, असं विचारू लागले. वरातीत असा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला एरवी बाजूला सारतात. हा बँडमास्तर मात्र कामात मुरलेला होता. त्याने वाद्यं थांबवली आणि कुठल्या वाद्याचा म्हणून विचारलं. भाऊजींनी क्षणभर विचार केला. ढोल राहू द्या, ताशा थोडा, आणि तो डावीकडचा कर्णा आपल्या मनानेच पुढे चाललाय. सगळी वरात घोड्यासकट खोळंबली. नवरदेव वरून विचारतोय काय झालं, आणि खाली या दोघांचं ताशाच्या कातड्यावर बोलणं चाललेलं. पण मी पाहिलं, पुढच्या गाण्याला ताशा खरंच खाली आला आणि गाणं कोणतं आहे ते लोकांना पहिल्यांदा कळलं. जाताना बँडमास्तर त्यांच्या पाया पडून गेला.

असा माणूस ज्या घरात आहे तिथल्या छताच्या सगळ्या पंख्यांना अर्थातच गोल फिरणारी बटणं आहेत. देवघरातला दिवासुद्धा कमीजास्त होतो. एकच वस्तू त्यांच्या कह्यात येत नव्हती, आणि ती म्हणजे स्वयंपाकघरातला भिंतीतला एक्झॉस्ट पंखा.

हा पंखा घरात आला तो ताईंच्या छातीमुळे. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी बाकीच्या गोष्टींबरोबर सांगितलं की धूर टाळा. मसाला भाजायचाच असेल तर पंखा लावून भाजा, नाहीतर भाजू नका. भाऊजींनी दुसऱ्या दिवशी पंखा आणला आणि भिंतीला भोक पाडून बसवून घेतला. पंखा दणकट होता. बटण दाबलं की देवळालीच्या बाजूने विमान उठावं तसा आवाज व्हायचा आणि ओट्यावरचा कागद भिंतीला जाऊन चिकटायचा. त्याला एकच बटण. चालू, नाहीतर बंद.

इथे ताईंच्या मसाल्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर एका पंख्यासाठी इतका खटाटोप का, ते समजणार नाही. ताई नामपूरच्या. त्यांचा काळा मसाला सगळ्या सासर-माहेरात वाटला जातो; आमच्या घरी तर त्याशिवाय भाजी उतरत नाही. आणि ताई मसाला कानाने भाजतात. हे मी लग्न होऊन आले तेव्हा मला खोटं वाटलं होतं. पण त्यांनी एकदा मला शेजारी उभं केलं आणि ऐकायला सांगितलं. धणे कढईत पडतात तेव्हा वाळू सरकावी तसे जडपणे सरकतात. तापत गेले की आवाज हलका होत जातो, मग पोकळ होतो, आणि एका क्षणी कुणीतरी कुजबुजावं तसे ते आपसात चुरचुरायला लागतात. तो क्षण. त्याच्या आधी उतरवले तर कच्चे, थोड्या वेळाने उतरवले तर कडू. मिरची आधी चामड्यासारखी लोळते, मग कागदासारखी खुळखुळते. तिळाचं तर लहान मुलालाही कळतं. रंग बघून का नाही, असं मी विचारलं होतं. रंग ट्यूबलाइटखाली फसवतो, असं त्या म्हणाल्या, आणि नाक पहिल्या दोन घाण्यांतच भरून जातं. त्यांच्या आईच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, स्वयंपाकघरात उजेडच नव्हता, त्यामुळे ही विद्या आली असावी. मी अनेकदा प्रयत्न केला. मला आवाजातला फरक कळतो, पण उलथनं हातात असलं की हात आणि कान एकाच वेळी चालत नाहीत.

तर गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ताईंनी डॉक्टरांचं ऐकून तो पंखा लावून मसाला भाजला. धूर सगळा बाहेर गेला. त्याच्याबरोबर धण्यांचा आवाजही गेला. त्या कढईवर वाकून कान लावत होत्या, आणि पंखा डोक्यावर घोंघावत होता. धणे करपले. वेळीच कळलं असतं तर काढून टाकता आले असते, पण ते कळलं कांडून आल्यावर, बरण्या भरल्यावर. वर्षभर सगळ्यांनी तो मसाला खाल्ला आणि कुणीही काही बोललं नाही. न बोलण्यातच ताईंना सगळं समजलं. या वर्षी माघात एका जेवणात त्या सहज म्हणून बोलल्या की आता पाकीटच आणू, लेक पुण्याहून कधीची सांगते आहे, चांगली मिळतात म्हणे. भाऊजींचा घास हातात राहिला. मी समोर होते. ज्या माणसाला भरपूर बोलायची सवय आहे तो त्या दिवशी ताक पिऊन उठला, आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून स्टूल सरकवल्याचा आवाज आला. ते पंख्याकडे बघत उभे होते.

तिथून दीड-दोन महिने त्या घरात दुसरा विषय नव्हता. मी शाळेचं कार्यालय सांभाळते. संध्याकाळी घरी जाताना त्यांचं घर वाटेवर पडतं. एरवी मी भाजी, दूध, इस्त्री असं ठरवून निघते, पण त्या दिवसांत रोज पंख्यापाशी अर्धा तास जायचा.

पहिला प्रयत्न साधा होता. छताच्या पंख्याला असतं तसं फिरवायचं बटण त्यांनी याला जोडलं. काम सुरू करण्याआधी ते मेन स्विच बंद करत, हे योग्यच. पण पुन्हा चालू करण्याआधी ते सगळ्या खोल्यांमधून फिरून सांगत की सोडतोय, सोडतोय. घरात ताई एकट्याच असल्या तरी. धरणाचं पाणी सोडताना काठच्या लोकांना सांगायची रीत, तीच ही. तर बटण फिरवलं, पंखा हळू झाला, आणि हळू होताच असा काही कण्हायला लागला की ताई पदर खोचून आल्या. माहेरची भाषा त्यांच्या तोंडात रागातच येते. "हाई काय शे?" त्यांनी विचारलं. पंखा पोटातून घुंऽऽ करत होता. वेगात होता तेव्हा वाऱ्याचा आवाज होता, आता मोटारीचा होता, आणि धण्यांना दोन्ही सारखेच.

मी विचारलं की हळू झाल्यावर आवाज वाढायचं कारण काय. भाऊजींना असे प्रश्न आवडतात. ते म्हणाले की या नव्या बटणांत वीज कमी होत नाही, तिचे तुकडे होतात. समजा तुम्ही दरवाजा अर्धा उचलण्याऐवजी पूर्ण उघडला, पूर्ण मिटला, पूर्ण उघडला, पूर्ण मिटला, एका क्षणात शंभर वेळा. हिशेबाला पाणी अर्धंच गेलं, पण कालव्याला हिसके बसतात. मोटार त्या हिसक्यांनी कण्हते. ही फसवणूक आहे, असं त्यांचं मत पडलं. थोडं म्हणून विकायचं आणि आत पूर्ण-बंद, पूर्ण-बंद चालू ठेवायचं.

दुसरा प्रयत्न दिव्याचा. जुन्या पद्धतीचा पिवळा शंभरचा दिवा त्यांनी माळ्यावरून काढला, आणि वीज आधी दिव्यातून आणि मग पंख्यात जाईल अशी जोडणी केली. दिवा आपल्या वाट्याचं खातो, उरलेलं पंख्याला मिळतं. हे खरंच चाललं. पंखा गुपचूप फिरू लागला आणि दिवा निखाऱ्यासारखा लाल उजळला. भाऊजी हरखून गेले. ताईंनी मात्र वर पाहिलं आणि विचारलं की हवा बाहेर घालवण्यासाठी घरात शेगडी टांगायची का. दिवा हात लावता येणार नाही इतका तापत होता, आणि तो फोडणीच्या बरोबर वर होता. दिवा उतरला. उतरवताना भाऊजी त्याच्याशी काहीतरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही.

तिसऱ्यांदा ते मेन रोडवरून टप्प्याटप्प्याचं बटण घेऊन आले, एक ते पाच आकड्यांचं, आत कंडेन्सर असलेलं. या जातीत हिसके नाहीत. प्रत्येक आकड्याला वेगळा कंडेन्सर, जणू प्रत्येक उंचीचा वेगळा दरवाजा. पंखा पाचावरून चारावर, चारावरून तीनवर आला आणि प्रत्येक पायरीला शांत होत गेला. पण एकावर ठेवून सुरू केला तर नुसताच थरथरायचा, फिरायचा नाही. त्याला आधी पाचावर जाग आणायची, मग खाली आणायचं. हे कळायला एक रविवार गेला. मग कळलं की पंखा फिरतोय पण हवा जात नाहीये, कारण बाहेरच्या बाजूच्या झडपा. पाचावरचा वारा त्यांना उचलतो. तीनवरचा वारा त्यांच्यापाशी जाऊन परत येतो. भाऊजींनी झडपा काढून सोड्याच्या गरम पाण्यात टाकल्या. सव्वा वर्षाच्या फोडण्यांचं तेल निघालं, झडपा अर्ध्या वजनाच्या झाल्या आणि तीनवर अलगद उचलल्या जाऊ लागल्या.

हवा जाते की नाही ते बघायला ते पंख्यासमोर उदबत्ती धरून बसत. उंची बदलत, कोपरा बदलत, धूर कुठून वळतो ते डोळे बारीक करून पाहत. वरच्या वहिनींना दुपारीतिपारी उदबत्तीचा वास यायला लागला. या घरात भाऊजींनी काही व्रत धरलं आहे अशी त्यांची समजूत झाली, आणि एका गुरुवारी त्या नारळ घेऊन खाली आल्या. भाऊजींनी तो परत दिला नाही. पंख्यासमोर फोडला.

शेवटची चाचणी त्यांनी स्वतः केली. ताई दुपारी पडल्या असताना वाटीभर धणे कढईत घेतले, पंखा तीनवर ठेवला आणि कान देऊन भाजले. चुरचुर स्वच्छ ऐकू आली. धूर बाहेर, आवाज आत. संध्याकाळी मी गेले तर त्यांनी मला ते धणे बशीत घालून दिले, पेढे द्यावेत तसे. बटणावर तीनच्या आकड्यापाशी कुंकवाचा ठिपका लावलेला होता.

मग तो रविवार. मी सगळं क्रमाने मांडलं होतं: धणे, तीळ, खोबरं, दगडफूल, बारके मसाले, आणि शेवटी मिरची, म्हणजे सगळ्यात जास्त ठसका सगळ्यात शेवटी. भाऊजींनी पंखा पाचावर जागा केला, मग तीनवर आणला आणि स्टुलावर बसले. ताईंनी धण्यांचा पहिला घाणा टाकला. धूर झडपांकडे वळून शिस्तीत बाहेर चालला होता. मी ओट्याच्या टोकाला होते, कढईपासून चांगली चार-पाच हात लांब, आणि मला धणे सरकताना ऐकू येत होते.

ताई म्हणाल्या की पंखा अजून कमी करा. भाऊजींनी दोनवर आणला. जरा वेळाने त्या म्हणाल्या, अजून. धण्यांचा आवाज आता पोकळ व्हायला लागला होता. भाऊजींनी एकवर आणला. पंखा इतका हळू झाला की पाती दिसायला लागली, झडपा मिटल्या आणि धूर ओट्यावर पसरू लागला. त्या मंद पंख्याखाली कुजबूज सुरू झाली. मला ऐकू आली. दारात उभ्या असलेल्या वरच्या वहिनींनाही आली, कारण त्या बोलल्या की झाले वाटतं.

"कुठे झाले?" ताई मान वर न करता म्हणाल्या. "अजून काही बोललेच नाहीत."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. इतके दिवस त्यांनी पंखा ऐकला, मोटार ऐकली, झडपा ऐकल्या, आणि चाचणी केली ती स्वतःच्या कानांनी. ताईंच्या कानांचं काय झालंय, हे पाहायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यांना नाही, मला नाही. बहुधा ताईंनाही नाही. गेल्या वर्षी त्यांनी सगळा दोष पंख्याला दिला होता, आणि तो पंखा होताच दोष देण्यासारखा.

ताई खोकल्या. धणे ढवळतच होत्या. भाऊजी उठले, त्यांच्या खांद्यावरून हात पुढे केला आणि गॅस बंद केला. पूर्ण बंद. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण त्यांनी कुठलंही बटण एका फटक्यात शेवटपर्यंत फिरवलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"माझा गॅस कुणी बंद केला?"

"झाले गं," भाऊजी म्हणाले.

ताईंनी कढईतला एक धणा उचलला, फुंकर मारली, पुढच्या दातांखाली फोडला. नेमका भाजला होता. त्यांनी दुसरा फोडला. मग पंख्याकडे पाहिलं, जो जवळजवळ थांबलेला होता, मग आमच्याकडे एकेक करून. गॅलरीतून आमचे हे ताट न्यायला आले आणि दारातच थांबले. मला कामं पुढे ढकलायची सवय नाही, तरी तिळाचं ताट पुढे सरकवायला माझा हात होईना.

ताईंनी धणे ताटात ओतले. कढई फडक्याने पुसून पुन्हा गॅसवर ठेवली.

"पंखा वाढवा," त्या म्हणाल्या. "मला खोकला येतोय. आणि इकडे या जवळ. मी हलवते, तुम्ही ऐका."

पुढचा तासभर मी जे पाहिलं ते मला पुन्हा बघायला मिळालं तर मी रजा टाकून जाईन. पंखा कुंकवाच्या ठिपक्यावर फिरत होता. ताई उलथनं चालवत होत्या, आणि भाऊजी शेजारी, कमरेत वाकून, कान कढईकडे करून. ताई विचारत, झाले का. भाऊजी म्हणत, थोडे राहिले. ताई म्हणाल्या की थोडे म्हणजे काय ते मला सांगू नका, हो की नाही एवढंच सांगा. भाऊजींना घाम फुटला. जन्मभर ज्या माणसाने मधल्या जागेत संसार केला त्याच्याकडे बायको हो-नाही मागत होती. दुसऱ्या घाण्याला त्यांनी "बहुतेक" असं म्हणून पाहिलं. ताईंनी उलथनं हवेतच धरलं आणि त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. खोबरं काही बोलत नाही, ते रंगावर ताईंनीच उतरवलं. मिरचीला मात्र सगळ्यांचे डोळे वाहत होते, वरच्या वहिनी केव्हाच घरी गेल्या होत्या, मी पदर नाकाशी धरला होता, आणि त्या सगळ्यात भाऊजी डोळे मिटून उभे होते. मिरची लोळत होती, मग सुकी झाली, मग खुळखुळली.

"हो," भाऊजी म्हणाले.

ताईंनी गॅस बंद केला.

मसाला कांडून आला. मी पहिल्याच दिवशी त्यात वांग्याची भाजी केली. ह्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि तेव्हा कुठे गेल्या वर्षीच्या मसाल्याबद्दल बोलले, म्हणजे कडू होता एवढंच. बरण्या नामपूरला गेल्या, पुण्याला गेल्या. पुण्याहून लेकीचा फोन आला की आईचा हात परत आला. ताईंनी तो फोन भाऊजींच्या हातात दिला आणि सांगितलं की हे तुमच्यासाठी आहे.

कानांचं मी त्याच आठवड्यात काढलं. माझ्या ओळखीत कानाचे चांगले डॉक्टर आहेत, वेळ मी घेते, गाडीची सोय हे करतील, असं सगळं मांडून सांगितलं. ताईंनी नकार दिला नाही. त्या म्हणाल्या की जाऊ, पंख्याचं काम एकदा पुरं होऊ दे. मला हे उत्तर सोपं वाटलं, कारण पंख्याचं काम पुरंच झालं होतं. राहिलं होतं फक्त बटणाच्या पेटीचं झाकण. भिंतीवर पेटी उघडी आहे, आतले कंडेन्सर दिसतात, आणि कुणाचा हात लागू नये म्हणून समोर पोळपाट उभा केला आहे. दहा मिनिटांचं काम. मी संध्याकाळी जाते तेव्हा भाऊजी कधी दोनच्या जागी दुसरा कंडेन्सर लावून बघत असतात, कधी पात्याला तेल देत असतात. ताई भाकरी थापता थापता मधेच थांबतात, तव्याकडे कान करतात, आणि पुन्हा थापायला लागतात.

परवा मी घरून स्क्रू-ड्रायव्हर नेला आणि सरळ म्हटलं की आणा ते झाकण, मीच बसवते, म्हणजे डॉक्टरांकडे जायला मोकळं. भाऊजींनी आत पाहिलं. ताई देवापाशी होत्या. ते हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, बसवेन मी. ती मनाने तयार होईल तोवर चालू राहू दे काम."

मी स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत टाकला आणि डॉक्टरांकडची वेळ अजून घेतलेली नाही. झाकण फ्रिजवर आहे, त्याचे दोन्ही स्क्रू मिठाच्या बरणीशेजारी वाटीत आहेत. बसवायचे आहेत.